दूध तुटल्यावर खंगणारी पिल्लं

डुकरीण व्यायली की पहिले तीन-चार आठवडे पिल्लांची चंगळ असते. चिकातून आईची प्रतिपिंडं मिळतात, अंगावर तुकतुकी येते. मग दूध तोडतात, वेगवेगळ्या वेतांची पिल्लं एका कप्प्यात घालतात. तिथे पंधरा-वीस दिवसांत एखादं मागे पडू लागतं. खाद्य समोर असतं, पण अंगाला लागत नाही. पाठीचा कणा वर येतो, केस राठ होतात, कातडी पांढुरकी किंवा पिवळी पडते, धाप लागते. जांघेत हात घातला तर अवधाण आल्यासारख्या गाठी लागतात.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात १९९१ मध्ये अशी पिल्लं दिसली. चक्रावून टाकणारी गोष्ट ही, की तो कळप निरोगी म्हणून नावाजलेल्यांपैकी होता. जॉन हार्डिंग आणि एडवर्ड क्लार्क या पशुवैद्यकांनी पुढे १९९६-९७ च्या सुमारास या खंगण्याचं सविस्तर वर्णन केलं. मेलेल्या पिल्लाच्या गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर जिथे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाटी हवी तिथे मैदान मोकळं. उरलेल्या मोठ्या भक्षक पेशींच्या पोटात द्राक्षांच्या घडासारखे गडद निळे गोळे. ते गोळे म्हणजे विषाणूंचे ढीग.

विषाणू कोणता, हे १९९८ मध्ये ठरलं: पोर्साइन सर्कोव्हायरस २. पहिल्या क्रमांकाचा भाऊ आधीच ठाऊक होता. पश्चिम बर्लिनमध्ये इल्झे टिशर आणि सहकाऱ्यांना तो १९७४ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये फुकटचा भाडेकरू म्हणून सापडला होता. तो अगदी निरुपद्रवी. (२०१० मध्ये लहान मुलांच्या रोटाव्हायरसच्या एका लशीत त्याचे अंश निघाले. अमेरिकेत ती लस दोनेक महिने थांबवली आणि माणसाला धोका नाही म्हणून पुन्हा सुरू केली.)

दुसरा मात्र खोडकर. अंगाने अगदीच किरकोळ, रुंदी जेमतेम १७ नॅनोमीटर. त्याचा सगळा जनुकीय मजकूर १,७६८ अक्षरांचा. तुम्ही वाचताय तो लेखसुद्धा त्याहून लांब आहे. एवढ्या तुटपुंज्या भांडवलात स्वतःच्या डीएनएची नक्कल काढायचं यंत्र काही बसत नाही. त्यामुळे पेशी स्वतःच विभागायला निघेल तेव्हा तिच्या यंत्रावर आपलंही काम उरकून घ्यायचं, ही त्याची रीत.

नुसता विषाणू टोचून मात्र बहुतेक पिल्लं खंगेनात. शेवटी अमेरिकेत स्टीव्हन क्राकोव्का आणि सहकाऱ्यांनी निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना विषाणूबरोबर समुद्री गोगलगायीच्या जातीतल्या एका प्राण्याचं प्रथिन टोचलं. तेलात मिसळलेलं हे प्रथिन म्हणजे रोगजंतू नव्हे. ते फक्त प्रतिकारशक्तीला डिवचतं. आणि पिल्लं खंगली! प्रतिकारशक्ती जागी झाली की तिच्या पेशी भराभर विभागतात, आणि विषाणूला नेमकं तेच हवं असतं. चोर आला म्हणून घरातले सगळे दिवे लावावेत आणि त्याच उजेडात त्याने तिजोरी शोधावी, तसं हे. पार्व्होव्हायरस किंवा श्वसनाचे इतर संसर्ग जोडीला आले की आजार का बळावतो, त्याचंही बरंचसं उत्तर इथेच मिळतं.

आणखी एक गंमत. जर्मनीत जपून ठेवलेले डुकरांचे जुने नमुने तपासले तेव्हा हा विषाणू १९६२ च्या नमुन्यातही निघाला, आणि खंगण्याच्या खुणा मात्र १९८५ पासूनच्या नमुन्यांत. म्हणजे विषाणू आधीपासून घरातच होता. मग बदललं काय? विषाणूची वाणं बदलली हे खरंच. पण माझ्या मते पिल्लं वाढवण्याच्या पद्धतीकडे बोट दाखवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. फ्रान्समध्ये लस नव्हती तेव्हा फ्रांस्वा मादेक यांनी वीस कलमी पथ्य सांगितलं: कप्पे लहान ठेवा, मध्ये भरीव भिंती घाला, वेतं मिसळू नका, एक तुकडी पूर्ण बाहेर गेली की धुऊनच दुसरी आत घ्या. एवढ्यानेही मरतूक उतरली.

२००६ पासून उत्तर अमेरिकेत लशी आल्या. त्यांतल्या काहींत विषाणूच्या कवचाचं प्रथिन कीटकांच्या पेशींत तयार करतात आणि साधारण तीन आठवड्यांच्या पिल्लाला टोचतात. परिणाम थक्क करणारा होता. ज्या फार्मवर ‘आमच्याकडे तो आजार नाही’ असं मालक सांगत, तिथेही अनेकदा पिल्लांची वजनं वाढली. विषाणू मात्र हटलेला नाही. लस टोचलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या पिल्लांच्या रक्तातही तो अजून सापडतो, फक्त कमी प्रमाणात.