वाय-फाय जोडलंय, पण नेट नाही? आधी पत्ता बघा

आम्ही नेटची जोडणी देणारे. 'नेट बंद आहे' असा फोन येतो आणि आम्ही बघतो तर लाइन एकदम ठीक असते. फायबरच्या डब्यावर हिरवा दिवा असतो, ओटीवर बसलेल्या नातवाच्या मोबाईलवर व्हिडिओ चाललेला असतो, आणि माजघरातला लॅपटॉप मात्र 'नो इंटरनेट' म्हणून बसलेला असतो. कधी कालपर्यंत छापणारा प्रिंटर आज ऑफलाइन दाखवतो, कधी मुंबईहून गावच्या घराचे कॅमेरे दिसेनासे होतात. लाइनचा दोष असता तर सगळंच एकदम बंद पडलं असतं. काही चालतं आणि काही चालत नाही, तेव्हा पहिला संशय घ्यायचा तो राऊटरने वाटलेल्या आयपी पत्त्यांवर, म्हणजे नेटवर्कमध्ये प्रत्येक उपकरणाला ओळखायला दिलेल्या आकड्यांवर. ते कसं तपासायचं आणि घरच्या घरी काय करता येतं, हे या पत्रकात लिहिलंय.

पत्ता कोण देतं?

मोबाईल वाय-फायला जोडला की तो सगळ्या नेटवर्कला उद्देशून विचारतो, 'इथे पत्ते कोण देतं?' राऊटर उत्तर देतो: हा तुझा पत्ता, बाहेर जायचं दार म्हणजे गेटवे हे, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायचा तर या डीएनएसला विचार, आणि एवढे तास पत्ता तुझा. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. तिचे नियम १९९७ साली पक्के झाले आणि घरोघरचे राऊटर आजही त्यावरच चालतात. पत्ता मुदतीवर मिळतो. निम्मी मुदत सरली की मोबाईल स्वतःच ती वाढवून मागतो, तुम्हाला कळतही नाही.

यात एक कच्चा दुवा आहे. उत्तर कोणी दिलं, त्याला पत्ते वाटायचा अधिकार आहे का, हे मोबाईल तपासत नाही. बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता तो घेतो. लग्नाच्या पंगतीत माणसं बसवायला दोघे उभे राहिले की एकाच पाटावर दोन पाहुणे येतात, तसंच इथेही होतं. आमच्या अनुभवात चुकीच्या पत्त्याच्या तक्रारींमागे सर्वांत जास्त वेळा घरातला दुसरा वाटप्याच निघतो. त्याच्याकडे पुढे येतोच.

पत्ता वाचायचा कसा

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडा आणि जोडलेल्या नावासमोरच्या दातेरी चक्रावर बोट ठेवा. आयफोनवर त्याच जागी गोलातला निळा 'आय' असतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण दाबून सीएमडी टाइप केलं की काळी खिडकी उघडते. तिथे आयपीकॉन्फिग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून ऑल, असं इंग्रजी अक्षरांत (ipconfig /all) लिहून एंटर मारा. ढीगभर ओळी येतील, त्यातल्या तीनच बघा: आयपीव्ही४ ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर. ही तिसरी ओळ सर्वांत मोलाची, कारण पत्ता नेमका कोणी दिला ते ती सांगते. नेट चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या अशा दोन्ही उपकरणांचे फोटो काढा आणि शेजारी ठेवून ताडून बघा.

राऊटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर त्याचा स्वतःचा पत्ता छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. उपकरणाचा गेटवे तोच असेल आणि पत्त्याचे ठिपक्यांनी तोडलेले पहिले तीन आकडे (जसे १९२.१६८.१) जुळत असतील, तर पत्ता बरोबर आहे. दोष दुसरीकडे शोधा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तो कोणीही दिलेला नाही. विचारून विचारून उत्तर आलं नाही, म्हणून कॉम्प्युटरने तो स्वतःच घेतला आहे. त्याने नेट कधीच चालणार नाही. वायर सैल आहे का, राऊटरचं ते पोर्ट (वायर घालायची खाच) गेलंय का, राऊटर पूर्ण चालू झालाय का, हे बघायचं. अँड्रॉइड मोबाईल सहसा असा पत्ता घेत नाही. तो 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' यावरच घुटमळत राहतो.

पत्ता १७२.२०.१० ने सुरू होत असेल तर लॅपटॉप तुमच्या राऊटरवर नाहीच. तो कोणाच्या तरी आयफोनच्या हॉटस्पॉटला जाऊन चिकटलाय. घरात पाहुणे असले की हे हमखास होतं.

राऊटरच्या स्वतःच्या पानावर (ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधला दिसला तर घाबरू नका. तो दोष नाही. जगातले जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आले, म्हणून इंटरनेट कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांना वाटून देतात. हा पट्टा त्यासाठीच २०१२ साली राखून ठेवला गेला. फक्त अशा लाइनवर राऊटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडून थेट डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) बघता येत नाही. मुंबईहून कॅमेरे बघायचे तर डीव्हीआरच्या कंपनीचं ॲप वापरावं लागतं.

दुसरा राऊटर: बहुतेक दुखणं इथलंच

आपल्याकडची जुनी घरं चिऱ्याची. भिंती जाड, घर लांबट, आणि राऊटर ओटीवर, कारण फायबर तिथूनच आत येते. माजघर ओलांडलं की रेंज गेली. मग कोणीतरी बाजारातून दुसरा राऊटर आणतं, लांब वायर टाकून तो पडवीत किंवा मांगरात लावतं आणि रेंज फुल्ल येते. पण तो राऊटर कारखान्यातून पत्ते वाटायच्या तयारीतच आलेला असतो. आता घरात वाटणारे दोन झाले.

दोन्ही राऊटर लॅन पोर्टांनी (घरातल्या उपकरणांसाठीची पोर्टं) जोडले असतील तर ज्या मोबाईलला दुसऱ्याने पत्ता दिला, त्याचं दार चुकीचं. रेंज पूर्ण, नेट शून्य. बंद करून परत लावला की कदाचित पहिल्याचं उत्तर आधी येतं आणि सगळं चालू होतं, संध्याकाळी पुन्हा बंद. 'मध्येच जातं, मध्येच येतं' अशी तक्रार असेल आणि घरात दोन डबे असतील, तर आम्ही लाइन तपासायच्या आधी दुसऱ्या डब्याची वायर काढायला सांगतो. तुम्हीही तेच करा. वायर काढा, न चालणाऱ्या मोबाईलचं वाय-फाय बंद करून पहिल्या राऊटरला जोडा आणि पत्ता पुन्हा वाचा. गेटवे बदलला आणि नेट आलं, की चोर सापडला.

वायर दुसऱ्याच्या वॅन पोर्टला (बाहेरून येणाऱ्या लाइनसाठीचं) लावली असेल तर नेट बहुधा चालतं, पण पडवीतले मोबाईल वेगळ्या नेटवर्कमध्ये जातात. तिथून ओटीवरचा टीव्ही दिसत नाही, प्रिंटर सापडत नाही. त्यात दोन्ही राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नेटही बंद.

उपाय: दुसऱ्या राऊटरला रेंज देण्याचं काम करू द्या, पत्ते वाटण्याचं काढून घ्या. त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तोच निवडा आणि वायर कुठल्या पोर्टला लावायची ते त्याच्या माहितीपुस्तिकेत बघा. नसेल तर लॅपटॉप वायरने फक्त त्या दुसऱ्या राऊटरला जोडा, त्याचं पान उघडा आणि लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा (पहिला १९२.१६८.१.१ असेल तर). राऊटर पुन्हा चालू झाला की नव्या पत्त्याने आत जा आणि मग डीएचसीपी सर्व्हर बंद करा. हा क्रम उलटा करू नका. डीएचसीपी आधी बंद झालं तर लॅपटॉपला त्या राऊटरकडून पत्ता मिळत नाही आणि पान उघडणं अवघड होऊन बसतं. शेवटी पहिल्याच्या लॅन पोर्टातली वायर दुसऱ्याच्या लॅन पोर्टात घाला. वॅन पोर्ट रिकामं राहू दे, ते रिकामंच बरं.

गणपती, मे महिना आणि होमस्टे

पत्त्यांचा साठाही संपतो. काही राऊटर मुळात ५० च पत्ते वाटायला बसवलेले असतात. एरवी घरात माणसं चार, त्यामुळे कधी जाणवत नाही. गणपतीत चाकरमानी आले, प्रत्येकाचा मोबाईल, पोरांचे टॅब, कोणाचा ऑफिसचा लॅपटॉप, की शेवटी आलेल्याला पत्ताच उरत नाही. पासवर्ड बरोबर असूनही जोडत नाही, आणि मग पासवर्ड सांगणाऱ्यावर खापर फुटतं.

तारकर्ली-देवबागकडच्या होमस्टेवाल्यांनी हा हिशेब नीट बघावा. समजा चार खोल्यांत १२ पाहुणे, प्रत्येकाची दोन उपकरणं, म्हणजे २४ पत्ते. घरची १० उपकरणं धरून झाले ३४. पाहुणे सकाळी निघून गेले तरी पत्त्यांची मुदत ७ दिवसांची ठेवली असेल, तर त्यांचे २४ पत्ते राऊटरच्या वहीत अडकलेलेच राहतात. दुपारी नवे १२ आले की ५८ लागतात, आहेत ५०. दुसऱ्याच तुकडीतली आठ उपकरणं वाय-फायविना, आणि तारे कमी पडतात तुमच्या रिव्ह्यूला. राऊटरच्या डीएचसीपीच्या पानावर साठा १९२.१६८.१.५० ते १९२.१६८.१.२५० करा आणि मुदत २ तास ठेवा. राहत्या घरात २४ तास ठीक आहे. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' चालू केलं असेल तर त्यावर वेगळ्या मालिकेचा पत्ता दिसू शकतो. ती चूक नव्हे, तुमचा प्रिंटर आणि कॅमेरे पाहुण्यांपासून लांब ठेवायची ती सोय आहे.

डीव्हीआर, प्रिंटर आणि ऑफिसचा लॅपटॉप

काही उपकरणांना पत्ता हाताने घालून दिलेला असतो. कॅमेरे बसवणाऱ्याने डीव्हीआरला १९२.१६८.१.१०८ दिलाय आणि राऊटर १०० ते १९९ हा पट्टा वाटतोय, तर एक दिवस १०८ कोणाच्या तरी मोबाईलला जाणार. काही राऊटर देण्याआधी पत्ता मोकळा आहे का हे बघतात, सगळे नाही बघत. आणि लाईट जाऊन डीव्हीआर बंद असला तर पत्ता मोकळाच दिसतो. मग विंडोजवर 'आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट' येतं किंवा कॅमेरे गुपचूप गायब होतात.

आम्ही नव्या जोडणीत पत्त्याच्या शेवटच्या आकड्याची एकच मांडणी ठेवतो: १ राऊटरचा, २ ते ४९ हाताने दिलेले पत्ते, ५० पासून पुढे वाटपाचे. डीव्हीआर आणि प्रिंटर ५० च्या खाली आणा, भांडण मिटतं. दुसरा रस्ता 'ॲड्रेस रिझर्वेशन'चा. त्यात राऊटरच त्या यंत्राचा मॅक पत्ता (कारखान्यातूनच मिळालेला ओळख क्रमांक) ओळखून दर वेळी एकच आयपी देतो. हे मोबाईलसाठी करणार असाल तर एक ध्यानात घ्या: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाईल प्रत्येक वाय-फायला खरा मॅक न दाखवता बनावट दाखवतात. घरच्या वाय-फायपुरतं ते बंद केल्याशिवाय रिझर्वेशनचा भरवसा नाही.

सगळ्यांचं चालतंय आणि मुंबईहून आणलेल्या एकाच लॅपटॉपचं चालत नाही, तर ऑफिसात कोणी त्यात पत्ता हाताने टाकलाय का ते बघा. नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी 'ऑटोमॅटिक' करा, बस.

लाईट गेली, आली, परत गेली

पावसाळ्यातलं हे नेहमीचं. बऱ्याच साध्या राऊटरची पत्त्यांची वही बंद होताना पुसली जाते. राऊटर परत चालू झाल्यावर कोणाला काय दिलं होतं ते त्याला आठवत नाही, पण इन्व्हर्टरवर चालू राहिलेला लॅपटॉप जुनाच पत्ता धरून बसलेला असतो. तोच पत्ता दुसऱ्याला गेला की दोघांचंही अडतं. त्या लॅपटॉपचं वाय-फाय एकदा बंद-चालू करा, पुरतं. कॉम्प्युटर राऊटरच्या आधी चालू झाला तर १६९.२५४ दिसेल. विंडोज दर ५ मिनिटांनी पुन्हा विचारतं, थांबायचं नसेल तर वायर काढून लावा. राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही छोट्या यूपीएसवर टाकले तर हा ताप बराच कमी होतो. नुसता राऊटर यूपीएसवर टाकून उपयोग नाही.

गडगडायला लागलं की ॲडॅप्टर प्लगमधून काढा. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. पण घरातून मांगरापर्यंत ओढलेली तांब्याची लॅन केबल दोन्ही टोकांचे पोर्ट जाळू शकते. तीही काढून ठेवा. पोर्ट जळालं तरी वाय-फाय चालूच राहतं, फक्त वायरवरच्या कॉम्प्युटरला पत्ता मिळत नाही, आणि मग सगळे कॉम्प्युटरवाल्याच्या मागे लागतात. वायर शेजारच्या पोर्टात घालून बघणं हे त्याआधीचं काम.

हे मात्र करू नका

राऊटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. बटणाने बंद-चालू करणं वेगळं आणि ते भोक दाबणं वेगळं. भोक दाबलं की लाइनचं युजरनेम-पासवर्ड, वाय-फायचं नाव, सगळं पुसलं जातं आणि एका लॅपटॉपचा प्रश्न अख्ख्या घराचा होतो. साधं बंद करायचं तर प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, मग लावा. आधी फायबरचा डबा, त्याचे दिवे स्थिर झाले की राऊटर, आणि शेवटी मोबाईल-लॅपटॉप.

एवढं करूनही अडलं तर पावतीवरच्या नंबरवर व्हॉट्सॲप करा. सोबत चार फोटो पाठवा: चालणाऱ्या उपकरणाचा पत्ता, न चालणाऱ्याचा पत्ता, राऊटरच्या पोटाखालचं स्टिकर (त्यावर पासवर्ड छापलेला असेल तर बोट ठेवून झाका), आणि राऊटरची मागची बाजू, कुठली वायर कुठल्या पोर्टात आहे ते दिसेल अशी. घरात दुसरा डबा असेल तर त्याचाही मागून फोटो, तो सध्या बंद ठेवलेला असला तरी.