कारण नसलेला विनोद आणि परिणाम नसलेला विनोद

‘डोकं बाजूला ठेवून बघ, मजा येईल’ ही शिफारस दोन अगदी वेगळ्या जातींच्या सिनेमांसाठी सर्रास केली जाते. एका जातीला ती लागू पडते. दुसरीसाठी ती इतकी उलटी आहे की ती ऐकून सिनेमा लावणारा माणूस अर्ध्या तासात उठतो आणि ‘काहीच्या काही आहे’ असं सांगत सुटतो. मग चार जण न बघताच तेच मत पुढे ढकलतात.

पहिली जात सगळ्यांच्या परिचयाची आहे. पाठलाग, वेशांतर, तारस्वरातले संवाद, टपली मारल्यावर वाजणारा विचित्र आवाज, मधेच कुठून तरी टपकलेलं गाणं. तिला सोयीसाठी ‘काहीच्या काही कॉमेडी’ म्हणू. ती वाईट असते असं नाही, पण तिच्याबद्दल समजावून सांगण्यासारखं फारसं नाही. दुसरी जात म्हणजे सररिअल कॉमेडी. तिथे एक अशक्य गोष्ट घडते, कुणी तिचं कारण देत नाही आणि पात्रं आपापल्या कामाला लागतात.

किरकोळ फरक आधी उरकू. स्पूफला, म्हणजे दुसऱ्या सिनेमांची नक्कल करून खिल्ली उडवणाऱ्या सिनेमाला, हसायचं तर मूळ सिनेमांचा साचा ठाऊक असावा लागतो. सररिअल कॉमेडीला बाहेरचा आधार लागत नाही. फँटसीत जादूला पूर्वेतिहास असतो आणि कुणीतरी जाणकार तो नायकाला बसून सांगतो. मरण, गुन्हा अशा गोष्टींवर हसवणारी ब्लॅक कॉमेडी विषयावरून ठरते, त्यामुळे ती यांपैकी कशातही मिसळू शकते. बजेट, लांबी, नट या गोष्टींवरून काहीच ठरत नाही.

खरी गफलत एकाच ठिकाणी होते. ‘याला लॉजिकच नाही’ या तक्रारीत दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेले असतात: हे का घडलं, आणि हे घडल्यावर आता पुढे काय होणार. सररिअल कॉमेडी पहिल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र ती साध्यासुध्या कौटुंबिक सिनेमापेक्षाही काटेकोर असते. काहीच्या काही कॉमेडी दोन्ही प्रश्न वाऱ्यावर सोडते: भिंतीवर आदळलेला माणूस पुढच्या प्रसंगात ठणठणीत असतो, जळालेलं घर परत उभं असतं, आणि त्याची कुणाला फिकीर नसते.

‘ग्राउंडहॉग डे’ (1993) घ्या. टीव्हीवर हवामान सांगणारा फिल कॉनर्स रोज सकाळी 6 वाजता त्याच 2 फेब्रुवारीत जागा होतो. का, ते शेवटपर्यंत कळत नाही. नियम मात्र पक्का आहे: दिवस पुसला जातो, फिलची आठवण पुसली जात नाही. मग या नियमातून जे जे निघेल ते सगळं सिनेमा वसूल करतो. उद्याच नाही म्हटल्यावर फिल आधी चंगळ करतो. बँकेसमोर बसून, पैशांच्या गाडीचे रक्षक कोणत्या क्षणी कुठे वळतात हे पाठ करतो आणि थैली आरामात उचलून चालू लागतो. जीव देतो, तर पुन्हा 6 वाजता जागा होतो. पियानो शिकतो, कारण आठवण टिकते म्हणजे सरावही टिकतो. रस्त्यावरच्या म्हाताऱ्याला वाचवण्यासाठी जंग जंग पछाडतो, म्हातारा तरीही दर वेळी मरतो. हवे तितके दिवस मिळाले तरी सगळं हातात येत नाही, ही मर्यादाही पटकथा पाळते.

किंवा ‘बीइंग जॉन माल्कोविच’ (1999). ऑफिस इमारतीच्या साडेसाताव्या मजल्यावर आहे. तिथे उतरायचं तर लिफ्ट सात आणि आठच्या मधे थांबवून दार पहारीने उचकटावं लागतं. छत इतकं खाली की सगळे वाकून चालतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण भाडं कमी आहे. फाइलींच्या कपाटामागे एक छोटं दार सापडतं. त्यातून सरपटत गेलं की माणूस जॉन माल्कोविच या नटाच्या डोक्यात पोचतो. 15 मिनिटं आतून जग बघतो, आणि मग न्यू जर्सीच्या महामार्गाकडेला धपकन पडतो. असं दार सापडलं तर माणसं काय करतील? तिकीट लावतील. लावतात, 200 डॉलर. प्रेमप्रकरणात त्याचा वापर करतील. करतात. मग खुद्द माल्कोविचला सुगावा लागतो आणि तो स्वतःच त्या दारातून आत जातो. समोर रेस्टॉरंट. प्रत्येक गिऱ्हाइकाला, वेटरला, गाणाऱ्या बाईलाही त्याचाच चेहरा. मेन्यूवर एकच शब्द, सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द: माल्कोविच. प्रसंग वेडापिसा आहे, पण ‘तो स्वतः आत गेला तर?’ हा प्रश्न त्या दारानेच तयार केला होता आणि चाणाक्ष प्रेक्षकाच्या मनात तो आधीच येऊन गेलेला असतो. अखेर माल्कोविचही त्याच महामार्गाकडेला पडतो. डोकं त्याचं असलं तरी त्याला सवलत नाही.

यावर एक ठरलेला प्रतिवाद होतो: ‘रबर’ (2010) या सिनेमाचं काय? त्यात एक मोटारीचं टायर जिवंत होऊन माणसांची डोकी फोडत हिंडतं, आणि सुरुवातीलाच शेरीफ कॅमेऱ्याकडे बघून सांगतो की सिनेमात कित्येक गोष्टींना काहीच कारण नसतं. ते भाषण लोक पाठ म्हणून दाखवतात आणि पुढचा सिनेमा विसरतात. वाळवंटात दुर्बिणी घेऊन बसलेले प्रेक्षक हे सगळं बघत असतात. गोष्ट आटोपती घ्यायची म्हणून त्यांना विष घातलेलं जेवण दिलं जातं. व्हीलचेअरवरचा एक माणूस ते खात नाही. आता निदान एक प्रेक्षक जिवंत आहे, म्हणजे गोष्ट थांबवता येत नाही, आणि शेरीफला नाइलाजाने पुढे काम करत राहावं लागतं. ‘कारण नाही’ असं बजावून सांगणारा सिनेमासुद्धा परिणाम इतके कसोशीने पाळतो.

या सिनेमांची ओढ इथूनच येते. धक्का बसायला आधी काहीतरी अपेक्षा लागते आणि अपेक्षा धरायला नियम लागतो. नियम कळला की प्रेक्षक मनातल्या मनात पुढची चाल खेळू लागतो, आणि चांगला लेखक त्याच नियमात बसणारी पण त्याला न सुचलेली चाल खेळतो. तेव्हा येणारं हसू ‘अरे, हे तर होणारच होतं’ अशा जातीचं असतं. काहीच्या काही कॉमेडीत काहीही होऊ शकतं, म्हणून पहिल्या काही गमतींनंतर कशाचंच नवल उरत नाही. तिला टिकायचं तर गमती एकामागून एक आदळत राहाव्या लागतात आणि वेळेत आवरतं घ्यावं लागतं. ‘एअरप्लेन!’ (1980) दीड तासाच्या आत संपतो, हा त्याचा मोठाच गुण आहे.

याच ‘एअरप्लेन!’मुळे दुसरा गैरसमज मोडतो. निर्विकार चेहऱ्याने बोललं की सिनेमा सररिअल, असं अनेकांना वाटतं. लेस्ली नीलसन त्यात दगडासारख्या चेहऱ्याने बोलतो, तरीही तो सिनेमा पक्का स्पूफ आहे. चेहऱ्यापेक्षा पात्राला काय गमवावं लागतं ते बघावं. ‘द लॉबस्टर’ (2015) मध्ये एकट्या माणसांना हॉटेलात 45 दिवस मिळतात. तेवढ्यात जोडीदार मिळाला नाही तर त्यांचं त्यांनीच निवडलेल्या प्राण्यात रूपांतर होतं. जंगलातल्या एकट्यांना बेशुद्धीच्या बंदुकीने टिपून आणलं तर माणशी एक दिवस वाढवून मिळतो. जोडी जमायला काहीतरी सारखेपण लागतं, म्हणून लंगडणारा एक माणूस, जिच्या नाकातून सारखं रक्त येतं त्या मुलीशी जुळावं यासाठी, स्वतःचं नाक टेबलावर आपटून घेतो. त्याचा चेहरा सपाट आहे, पण पोटात गोळा येतो तो नाकामुळे.

ओळखायची कसोटी सोपी आहे. पहिली 20 मिनिटं झाली की नियम एका वाक्यात मांडून बघा. मग मधले दोन प्रसंग मनात उलटसुलट करून बघा. काहीच फरक पडत नसेल तर सिनेमा पहिल्या जातीचा. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ (2022) वरवर सगळ्यात बेबंद वाटतो, पण या कसोटीवर तो सहज उतरतो. दुसऱ्या विश्वात उडी मारायची तर सहसा कुणी करणार नाही असं काहीतरी करावं लागतं, म्हणून पात्रं लिप बाम खातात, कागदाने बोटं कापून घेतात. ज्या विश्वात माणसांच्या बोटांच्या जागी सॉसेज आहेत, तिथे पियानो पायांनी वाजवतात.

ही जात बिघडते तेव्हा बहुतेक वेळा त्याच चार-पाच चुका झालेल्या असतात. सगळ्यात वाईट म्हणजे शेवटी ‘ते स्वप्न होतं’ असं सांगणं. त्याने आधीचे सगळे परिणाम रद्द होतात. उत्तरार्धात अडलं म्हणून दुसरा अशक्य नियम आणणं तितकंच घातक. पात्राने प्रेक्षकाकडे बघून डोळा मिचकावला, किंवा ‘आता हसा’ सांगणारं संगीत वाजलं, की त्या जगावरचा पात्रांचाच विश्वास उडतो. आणि नियमाचा फटका नायकापर्यंत आला की त्याला हळूच वाचवणं ही पटकथेची भीती असते, ती लगेच दिसते.

प्रेक्षकांचीही एक खोड सुटायला हवी: प्रत्येक गोष्ट कशाचं तरी प्रतीक मानून कोडं सोडवत बसणं. लुई बुन्युएलच्या ‘द एक्स्टर्मिनेटिंग एंजल’ (1962) मध्ये जेवायला आलेल्या बड्या मंडळींना दिवाणखान्यातून बाहेर पडता येत नाही. दार उघडं आहे. त्या दाराचा अर्थ शोधण्यात गुंतलेल्या माणसाच्या हातून खरा सिनेमा निसटतो: पाण्यासाठी भिंत फोडून नळ गाठणं, मेलेल्या पाहुण्याला कपाटात ठेवणं, आत शिरलेल्या मेंढ्या मारून खाणं, आणि या सगळ्यात टिकवायची धडपड चाललेले शिष्टाचार.

‘जाने भी दो यारों’ (1983) मधला महाभारताचा प्रवेशही असाच उगाच बदनाम आहे. रंगमंचावर धुमाकूळ आहे, पण प्रत्येक माणसाला तिथे एकच गोष्ट हवी आहे: द्रौपदी बनवून उभं केलेलं, खून झालेल्या कमिशनर डिमेलोचं प्रेत. हे ध्यानात ठेवून बघितलं तर त्यातली एकही हालचाल फुकट गेलेली दिसत नाही.

शेवटचा वाद ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’चा (1975). घोडे परवडत नव्हते म्हणून राजा आर्थर दुडक्या चालीने येतो आणि मागून नोकर नारळाच्या करवंट्या वाजवतो. किल्ल्यावरचा पहारेकरी विचारतो की थंड प्रदेशात नारळ आला कुठून, आणि गोष्ट पाकोळीला नारळाचं वजन पेलेल का इथपर्यंत जाते. पैशांची अडचण अशी थेट नियमात घेतलेली आहे. तरी या सिनेमाचा शेवट लोकांना खटकतो: ऐन लढाईच्या तोंडावर आजच्या काळातले पोलीस येतात, आर्थरला गाडीत घालतात आणि सिनेमा थांबतो. पण मध्यंतरी एक सरदार कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या आजच्या काळातल्या इतिहासकाराला तलवारीने मारून गेलेला असतो आणि त्या खुनाचा तपास तिथून अधूनमधून चालूच असतो. दुसऱ्यांदा बघताना त्या प्रसंगापासून पोलिसांवर नजर ठेवा.