काजूचा डिंक जखमेवर चालेल का?

वेंगुर्ले-मालवणकडच्या काजूच्या बागेत एखाद्या तरी खोडावर तांबूस डिंक गोठलेला दिसतोच. बागायतदाराला तो नकोसा. रोठा (खोड पोखरणारी अळी) खोडात शिरला की पोखरलेल्या जागेतून भुसा आणि डिंक बाहेर येतो. अळी काढायची, डिंक खरवडून फेकायचा. माझ्या मते हा फेकण्याचा माल नाही.

हा डिंक म्हणजे शर्करांच्या फांद्या फुटलेल्या लांब साखळ्या. त्यांत गॅलॅक्टोज सर्वांत जास्त. (लाडवातला डिंक वेगळा, तो बाभळीचा किंवा धावड्याचा.) १६व्या शतकात पोर्तुगीजांनी काजू ब्राझीलहून आपल्याकडे आणला, आणि या डिंकापासून वैद्यकीय साहित्य बनवण्यावरचं बरंचसं संशोधनही ब्राझीलमध्येच झालं आहे.

ओली राहणारी जखम लवकर भरते, हे १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. तसा ओलावा टिकवायला हायड्रोजेल उत्तम: ते भरपूर पाणी धरतं, पण स्वतः विरघळत नाही. काजूचा डिंक मात्र विरघळतो. सुट्या दोऱ्यांत मासा थांबत नाही, जाळ्याला गाठी लागतात. तशा या साखळ्यांना रासायनिक गाठी माराव्या लागतात. गाठी कमी पडल्या तर जेल ओघळतं, जास्त झाल्या तर कडक होतं आणि पाणी कमी धरतं.

आधी डिंक पाण्यात भिजवून गाळतात, सालीचे कण काढतात. मग अल्कोहोल घातलं की शुद्ध डिंक खाली बसतो. गाठींसाठी ग्लुटारअल्डिहाइड हे रसायन वापरता येतं, पण त्याचा उरलेला अंश पेशींना विषारी. मला दुसरी वाट अधिक पटते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर येणाऱ्या कोळंबीच्या टरफलांसारख्या मालापासून कायटोसान बनतं. तीही एक लांब साखळीच, पण अमिनो गट असलेली. परआयोडेट या रसायनाने डिंकातल्या काही शर्करांची कडी उघडली की तिथे अल्डिहाइड गट तयार होतात, आणि ते कायटोसानच्या अमिनो गटांना थेट धरतात.

जेल जमलं म्हणजे काम झालं असं नाही. खरी मेहनत तपासणीत आहे. कोरडा तुकडा तोलून ३७ अंश सेल्सिअसच्या, ७.४ सामू असलेल्या द्रावणात बुडवतात आणि पुन्हा तोलतात: किती फुगला ते कळतं. दाबून, ताणून मजबुती पाहतात. मग जेलचा अर्क उंदराच्या पेशींवर सोडतात. त्यानंतर एमटीटी हे पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात. अर्क न लावलेल्या पेशींच्या तुलनेत ७० टक्क्यांहून कमी जिवंत राहिल्या तर जेल विषारी ठरतं. रक्तपेशी फुटतात का, हेही पाहावं लागतं. शिवाय टरफलातलं प्रथिन राहून गेलं तर कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना धोका.

कोकणापुरती एक तपासणी मी आणखी धरेन. रोठ्यासाठी खोडाच्या छिद्रांत कीटकनाशक ओततात. अशा झाडाचा डिंक घ्यायचाच नाही, आणि बाकीच्या प्रत्येक खेपेचीही कीटकनाशकाच्या अंशासाठी चाचणी करायची.