स्कूटरमधले शिसे काढण्याआधी हे वाचा
टेक्निकल डायव्हिंगसाठी (खोल, लांबचे किंवा गुहांमधले डायव्हिंग) हलकी स्कूटर, म्हणजे पाण्याखाली डायव्हरला ओढून नेणारे मोटरचे यंत्र, निवडणाऱ्या ग्राहकांसाठी

दुकानात आलेला टेक्निकल डायव्हर बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतो: "सगळ्यात हलकी स्कूटर कोणती?" प्रश्न रास्त आहे. पुण्याहून अंदमानला, इजिप्तला किंवा मेक्सिकोला जायचे तर रेग्युलेटर, दिवे, ड्रायसूट यांतच सामानाचे किलो संपतात. पण या प्रश्नातूनच एक चूक जन्माला येते आणि ती तुमचा डायव्ह व आमचा दिवस दोन्ही खाते.

नवी स्कूटर घरी उघडली की आत शिशाचे तुकडे दिसतात. "हे ओझे कशाला?" म्हणून ते काढून ठेवले जातात. मग बोटीवरून फोन येतो: नाक वर जाते, ट्रिगर सोडला की स्कूटर वर पळते, मोटर बिघडली का? मोटर ठणठणीत असते. शिसे घरच्या कपाटात असते.

पाण्यात स्कूटर वरही जाऊ नये आणि खालीही, यासाठी तिचे एकूण वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतकेच हवे. बंद स्कूटरचे आकारमान १४ लिटर असेल, तर गोड्या पाण्यात ती बॅटरीसकट १४ किलो भरली पाहिजे. ११ किलोची असेल तर ३ किलो शिसे आलेच, मग बॉडी कोणत्याही महागड्या साहित्याची असो. म्हणून किलो नंतर विचारा, आधी लिटर विचारा. आकारमानाने लहान तीच खरी हलकी. तिच्यात बॅटरी कमी मावते, पल्ला घटतो. तो हिशेब तुमच्या डायव्हप्रमाणे मांडावा लागतो.

समुद्रात याच १४ लिटरच्या स्कूटरला सुमारे ३५० ग्रॅम जास्त लागतात, कारण खारे पाणी साधारण अडीच टक्के जड. मेक्सिकोत युकातानच्या गुहांमध्ये तर वर गोडे पाणी आणि खाली खारे. एकाच डायव्हमध्ये स्कूटरचा स्वभाव बदलतो. शिसे कुठे बसवले यालाही तितकेच महत्त्व आहे. नाकात अर्धा किलो कमी पडला तर अर्धा तास मनगटाने नाक दाबत राहावे लागते, आणि सहा मीटरवरच्या डिकम्प्रेशन थांब्यात (वर येताना शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून घेतलेला थांबा) मागे हार्नेसच्या कड्याला, डी-रिंगला, अडकवलेली स्कूटर तुम्हाला वर ओढते. जिथे खोली धरून ठेवायची, नेमकी तिथे.

प्रवासात शिसे वाहू नका, हे आम्हीही सांगतो. पण ते तिथल्या डायव्ह सेंटरकडून घ्या आणि तितकेच, त्याच जागी बसवा. आम्ही प्रत्येक स्कूटरसोबत कार्ड देतो: गोड्या पाण्यात नाकाला किती, शेपटीला किती, खाऱ्यात किती. कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

आता बॅटरी. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी साधारणपणे परवानगीशिवाय नेता येते. १०० ते १६० मधल्या सुट्या बॅटऱ्या कंपनीची आधी परवानगी घेऊन, त्याही दोनच. १६० च्या वर प्रवासी सामानात बंदी. सुट्या बॅटऱ्या नेहमी केबिनमध्येच, टोके झाकून. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास एवढाच हिशेब: १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची ड्रिल मशीनची बॅटरी ९० वॉट-अवरची, म्हणून जाते. ९ अँपिअर-तासांची १६२ भरते आणि दोन वॉट-अवरसाठी अडते. ड्रिलच्या बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटर आम्ही आवर्जून ठेवतो त्या यासाठीच. मात्र बॅटरी बदलली की वजन बदलते, आणि वजन बदलले की शिशाचा हिशेब नव्याने.

कमाल वेगाच्या आकड्यावर भाळू नका. पाण्यात वेग २० टक्के वाढवायला ताकद सुमारे ७० टक्के जास्त लागते. ट्विनसेट (पाठीवरचे जोड सिलिंडर) आणि स्टेज सिलिंडर (बाजूला अडकवलेले जादा सिलिंडर) अंगावर असताना तर बॅटरी बघता बघता उतरते. बाजारात तीन-चार किलोच्या स्कूटरही दिसतात. त्या सुट्टीतल्या डायव्हरसाठी आहेत, त्यांची खोलीची मर्यादा बहुधा ३० ते ४० मीटर. ६० मीटरवर दाब ७ बार असतो. तिथे त्या नेऊ नका.

पल्ल्याआधी श्वासाच्या गॅसचा विचार करा. मिनिटाला ४५ मीटर या वेगाने दहा मिनिटे आत गेलात म्हणजे ४५० मीटर. तिथे स्कूटर बंद पडली तर मिनिटाला १५ मीटर पोहत परतायला अर्धा तास. ३० मीटर खोलीवर दाब ४ बार, म्हणून गॅसही चौपट लागतो; पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या डायव्हरला तेवढ्यासाठीच २४०० लिटर गॅस हवा. म्हणजे २०० बार भरलेल्या, १२-१२ लिटरच्या दोन सिलिंडरांच्या ट्विनसेटमधला निम्मा. म्हणून दूरच्या डायव्हसाठी राखीव दुसरी स्कूटर आमच्याकडे भाड्याने मिळते. आधी सांगून ठेवा.

मालवण-तारकर्लीच्या उथळ डायव्हसाठी मात्र ही खरेदी करू नका. तिथे सावकाश पोहूनच जास्त दिसते.

ट्रिम न करता, म्हणजे पाण्यात तोल जुळवून न पाहता, आम्ही स्कूटर कुरिअरने पाठवत नाही. यावर काही ग्राहक नाराज होतात, बाहेरगावच्यांना फेरी पडते हेही खरे. पण आमच्या दुकानातल्या पाण्याच्या टाकीत दोन तासांत शिसे बसते, ओढदोरीची लांबी तुमच्या हाताप्रमाणे ठरते, पंख्याचा झोत अंगावर न येता खालून जातो. हे फोनवरून जमत नाही. या दोन तासांचे पैसे खरेदीतच धरलेले आहेत. स्कूटर दुसरीकडून घेतली असेल तरी वेगळे शुल्क भरून या.

येताना हार्नेस, नेहमीचे हातमोजे आणि प्रवासात नेणार तीच बॅटरी पूर्ण चार्ज करून आणा. आमची टाकी गोड्या पाण्याची आहे, त्यामुळे डायव्ह समुद्रात असेल तर वेळ ठरवतानाच कळवा. जास्तीचे तुकडे काढून ठेवू.