एकाच तारखेची दोन गाणी, एक अमेरिकेतलं एक मडगावचं

२१ सप्टेंबर उजाडला की अर्ध्या लोकांच्या स्टेटसला तेच डिस्को गाणं, अर्थ, विंड अँड फायर बँडचं 'सप्टेंबर', १९७८ चं. पहिल्याच ओळीत ती तारीख येते ना, म्हणून. पण त्या दिवशी झालं काय होतं? काही नाही! गाणं लिहिणाऱ्यांपैकी ॲली विलिस या बाईंनी नंतर सांगूनच टाकलं की वेगवेगळ्या तारखा गाऊन बघितल्या आणि एकवीस तोंडात सगळ्यात मस्त बसली, बास, ठेवली.

आता आपल्या गोव्याकडे या. इथे याच तारखेचा एक कोकणी मांडो, म्हणजे संथ चालीचं पारंपरिक नाचगाणं, आहे, 'सेतेंबराचे एकविसावेर', आणि त्यातली तारीख काही तालासाठी आलेली नाही. २१ सप्टेंबर १८९० ला मडगावात पालिकेची निवडणूक होती, पार्तिदो इंडियानो आणि पार्तिदो उल्ट्रामारिनो असे दोन पक्ष, वातावरण आधीच तापलेलं, आणि होली स्पिरिट चर्चसमोर जमलेल्या लोकांवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. मांडो म्हटलं की आपल्याला प्रेम, विरह, लग्नघर असंच आठवतं, घुमट हे मातीचं तालवाद्य वाजतंय, व्हायोलिन वाजतंय, बायका हातात पंखे घेऊन समोरच्या पुरुषांच्या रांगेकडे बघत संथ डोलतायत. आणि त्याच चालीत शब्द मात्र निवडणुकीच्या गोळीबाराचे! मला हे प्रकरण त्या डिस्कोपेक्षा कितीतरी भारी वाटतं, कारण गाणाऱ्याला इतिहास माहीत नसला तरी तारीख पाठ असते, ती पुढच्या पिढीला आपोआप जाते.

बाहेर सगळ्याच तारखा तालासाठी येतात असंही नाही म्हणा. फोर सीझन्स या अमेरिकन ग्रुपचं 'डिसेंबर १९६३' हे १९७५ चं गाणं आधी ५ डिसेंबर १९३३ वर लिहिलं होतं, म्हणजे अमेरिकेतली दारूबंदी उठली तो दिवस. ते ग्रुपमध्ये सगळ्यांना पटलं नाही, मग वर्ष बदललं आणि प्रेमगाणं करून टाकलं. गोव्यात दारूबंदी उठल्याचं गाणं कोणाच्या काळजाला भिडणार होतं तो प्रश्न वेगळा.

हिंदीत मात्र तारखेचा राजा एकच, पहिली तारीख. १९५४ च्या 'पहली तारीख' पिक्चरमधलं किशोर कुमारचं पगाराचं गाणं, शब्द कमर जलालाबादींचे. रेडिओ सिलोन कित्येक वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी ते लावायचं, म्हणजे घरात कॅलेंडर नसलं तरी चालायचं, किराणावाल्याची उधारी आज द्यायची हे रेडिओच सांगायचा. आणि संगीत कोणाचं? आपल्या बाबूजींचं, सुधीर फडक्यांचं. बरेच जण हे ऐकून चाट पडतात. त्यात पुन्हा वर्ष बघा, हेच बाबूजी १९५४ मध्येच दादरा नगर हवेली पोर्तुगिजांकडून सोडवायच्या लढ्यात होते, २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. आपल्या गोव्याचा नंबर लागायला त्यानंतर सात वर्षं गेली, १९ डिसेंबर १९६१. लोकांच्या तोंडी मात्र बाबूजींच्या त्या वर्षातली पगाराचीच तारीख राहिली.