घरातील रेडॉन

रेडॉन हा खडक आणि मातीतून आपोआप बाहेर पडणारा किरणोत्सारी वायू आहे. त्याला रंग, वास किंवा चव नाही आणि तो नाकातोंडाला झोंबतही नाही. मोकळ्या हवेत तो विरून जातो, पण बंद घरात, विशेषतः तळघरात आणि तळमजल्यावर, साठून राहतो. अशा हवेत वर्षानुवर्षे श्वास घेतल्याने फुप्फुसाचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते धूम्रपानाखालोखाल या कर्करोगाचे हेच मोठे कारण आहे. त्या देशात दरवर्षी सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनमुळे होतात, असा तिचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या, खात्री पटलेल्या घटकांत केला.

जवळपास प्रत्येक मातीत थोडे युरेनियम असते. त्याच्या विघटनाच्या साखळीत पुढे रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन. आधीची सगळी मूलद्रव्ये घन असल्याने खडकात अडकून राहतात. रेडॉन मात्र अक्रिय वायू आहे, तो सहसा कशाशी संयोग पावत नाही; खडकाच्या कणातून सुटला की मातीतल्या पोकळ्यांमधून वाट काढत निघतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ३.८ दिवसांचे असते आणि जमिनीतून घरापर्यंत पोचायला तेवढा वेळ पुरतो. थोरियमपासून तयार होणारे त्याचे भावंड, म्हणजे थोरॉन, एका मिनिटाच्या आत निम्मे उरते. त्यामुळे ते फार लांब जात नाही. मातीच्या भिंती किंवा मातीची जमीन असलेल्या घरांतच त्याचा विचार करावा लागतो.

आपण श्वासाबरोबर घेतलेला बहुतेक रेडॉन उच्छ्वासाबरोबर परत बाहेर जातो. खरा धोका त्याच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या पोलोनियम-२१८ आणि पोलोनियम-२१४ या मूलद्रव्यांचा असतो. ही साखळी घन पदार्थांची आहे. हे अणू हवेतल्या धूलिकणांना चिकटतात आणि त्यांच्याबरोबर श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर जाऊन बसतात. तिथून कफाबरोबर बाहेर पडण्याआधीच, काही मिनिटांत, त्यांचे विघटन होते आणि अल्फा कण, म्हणजे अणूच्या गाभ्यातून वेगाने बाहेर पडणारे जड कण, सुटतात. अल्फा कण कातडीचा वरचा मृत थरही ओलांडू शकत नाहीत, पण श्वासनलिकेच्या अस्तराला असे कवच नसते. कण सरळ जिवंत पेशींवर आदळतात. डोकेदुखी, खोकला, चक्कर असे कोणतेही तात्काळ लक्षण दिसत नाही. परिणाम दिसायला कित्येक वर्षे, अनेकदा दशके लागतात.

हा आजार वैद्यकाला आधी दिसला तो खाणींत. जर्मनीतील श्नेबर्गच्या खाणकामगारांना जडणारा जीवघेणा छातीचा रोग शतकानुशतके माहीत होता. तो फुप्फुसाचा कर्करोग आहे हे १८७९ मध्ये हार्टिंग आणि हेस या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले. त्या वेळी किरणोत्साराचा शोधही लागलेला नव्हता. पुढे युरेनियमच्या खाणींतील कामगारांच्या अभ्यासांतून रेडॉनचा संबंध पक्का झाला. तरीही राहत्या घरांचा प्रश्न फारसा कुणी गांभीर्याने घेत नव्हता.

तो ऐरणीवर आला डिसेंबर १९८४ मध्ये. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्राचे बांधकाम पूर्ण होत आले होते, वीजनिर्मिती सुरू व्हायची होती. तिथले अभियंता स्टॅन्ली वॉट्रस कामावर आले की किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्राची घंटा वाजू लागे. केंद्रात एवढा किरणोत्सार येण्याचे कारण नव्हते, म्हणून शोध उलट दिशेला, त्यांच्या घराकडे वळला. बॉयरटाउनजवळच्या त्या घरात रेडॉनची पातळी दर लिटर हवेमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्साराचे अमेरिकेत वापरले जाणारे एकक) भरली, म्हणजे दर घनमीटरला जवळजवळ १ लाख बेक्वेरेल. एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन. घरात तयार झालेली रेडॉनची किरणोत्सारी मूलद्रव्ये कपड्यांना चिकटून कामावर जात होती. कुटुंबाला घर सोडावे लागले. दुरुस्तीनंतर ते परतले. ते घर रीडिंग प्राँग नावाच्या, युरेनियमयुक्त प्राचीन खडकांच्या पट्ट्यावर उभे होते. हा पट्टा पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कपर्यंत जातो. न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्यासाठी परक्या गावची नाही.

घरात येण्याच्या वाटा. मातीतल्या हवेत रेडॉनचे प्रमाण घरातल्या हवेपेक्षा अनेक पटींनी जास्त, बऱ्याचदा घनमीटरला हजारो बेक्वेरेल असते. ही हवा आत येते ती बहुतांशी घरानेच ओढल्यामुळे. थंड प्रदेशात घर तापवले की आतली गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि वरच्या मजल्यांच्या फटींतून, माळ्यातून बाहेर पडते. घर एखाद्या धुराड्यासारखे वागू लागते. त्यामुळे खालच्या भागात दाब बाहेरच्या मानाने किंचित कमी होतो. फरक अवघ्या काही पास्कलचा (पास्कल हे दाबाचे एकक) असतो, पण जमिनीतली हवा आत खेचायला तेवढा पुरेसा होतो. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा, कपडे वाळवण्याचे यंत्र, शेकोटी हे सगळे हवा बाहेर फेकतात आणि ही ओढ वाढवतात. आत शिरायला जागा भरपूर असतात: कोब्याला गेलेल्या बारीक तडा, फरशी आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा, नळ व सांडपाण्याच्या पाइपांभोवतीची रिकामी जागा, तळघरातले पाणी उपसण्यासाठी खणलेला खड्डा, पोकळ ठोकळ्यांच्या भिंती. लाकडी जमिनीखाली मोकळी माती ठेवलेल्या घरांत तर आडकाठीच नसते.

याखेरीज दोन लहान वाटा आहेत. खडकातल्या बोअरच्या पाण्यात रेडॉन विरघळलेला असू शकतो आणि आंघोळ करताना, कपडे धुताना तो हवेत सुटतो. बांधकामाच्या साहित्यातूनही थोडा येतो. स्वीडनमध्ये युरेनियमयुक्त शेल खडकापासून बनवलेले हलके काँक्रीट १९७५ पर्यंत वापरात होते आणि त्या भिंतींची घरे अजून उभी आहेत. सामान्यतः मात्र मुख्य स्रोत पायाखालची जमीन हाच असतो.

हिवाळ्यात खिडक्या बंद आणि हीटर चालू, त्यामुळे पातळी वाढते. दिवसापेक्षा रात्री ती अधिक असते. मुरमाड, खडीच्या जमिनीतून वायू सहज सरकतो, घट्ट चिकणमातीतून कमी. शेजारच्या दोन घरांचा पाया, तडा आणि हवा खेळण्याची पद्धत वेगवेगळी असते, म्हणून त्यांची पातळीही कित्येक पटींनी वेगळी निघू शकते. नकाशावरून भागाची कल्पना येते, घराची येत नाही. शेजाऱ्याच्या घराचा अहवाल चांगला आला म्हणून आपली चाचणी टाळणे चुकीचे आहे.

ब्रिटनमध्ये ग्रॅनाइटच्या डेव्हन आणि कॉर्नवॉल परगण्यांत पातळी जास्त आढळते. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे आणि बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम बरेच कमी असते. शिवाय दारे-खिडक्या उघड्या ठेवण्याची आपली सवय आणि बहुतेक घरांना तळघर नसणे, दोन्ही आपल्या पथ्यावर पडते. पूर्व विदर्भात मात्र ग्रॅनाइट आणि नीस जातीचे जुने खडक आहेत, आणि शहरांत एसी लावून दिवसरात्र बंद ठेवलेल्या खोल्या वाढत आहेत. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर जमिनीतला रेडॉन फारसा पोचत नाही. भारतात घरांतील मोजमापे बरीच झाली आहेत. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठातील आणि गढवालमधील संशोधकांनी पंजाब व हिमालयातील घरे तपासली. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी सूक्ष्म छिद्राचा डोसमापक, म्हणजे किरणोत्साराची मात्रा मोजणारे छोटे साधन, विकसित केला. हे काम सर्वसामान्य घरमालकापर्यंत पोचायला हवे.

किती पातळी धोक्याची? अमेरिकेत दर लिटरला ४ पिकोक्युरी, म्हणजे घनमीटरला १४८ बेक्वेरेल, भरले की उपाय करण्याची शिफारस आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेक्वेरेल ही संदर्भपातळी सुचवली. ते शक्य नसलेल्या देशांनीही ३०० च्या वर जाऊ नये, असे म्हटले. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली धरली तर १४८ च्या पातळीला त्या खोलीत दर सेकंदाला रेडॉनचे सुमारे ५,००० अणू फुटत असतात. ही मर्यादा सुरक्षिततेची रेघ नव्हे. तिच्या खालीही धोका शून्य होत नाही, फक्त कमी होतो. युरोपातील १३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दर १०० बेक्वेरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो असे आढळले. पंचाहत्तरीपर्यंत हा रोग होण्याची शक्यता कधीच धूम्रपान न केलेल्यांत शून्य, १०० आणि ४०० बेक्वेरेलला हजारी अनुक्रमे ४, ५ आणि ७ अशी निघाली. सिगारेट ओढणाऱ्यांत ती हजारी सुमारे १००, १२० आणि १६०. म्हणून घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर रेडॉन मोजणे आणि सिगारेट सोडणे या दोन्हींची घाई करावी.

चाचणी. मोजल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही, आणि मोजणे सोपे आहे. अल्प मुदतीच्या चाचणीत कोळशाचा डबा दोन ते सात दिवस ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. या काळात आणि आधीचे बारा तास दारे-खिडक्या बंद ठेवायच्या, येण्याजाण्यापुरते दार उघडले तर चालते. दीर्घ मुदतीची चाचणी तीन महिने ते वर्षभर चालते. त्यात छोट्या डबीत खास प्लॅस्टिकचा तुकडा असतो. अल्फा कण त्यावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे सोडतात. नंतर तो तुकडा गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवला की ओरखडे रुंदावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. ऋतूंचे चढउतार धरून खरी सरासरी हवी असेल तर ही पद्धत उत्तम. उपकरण सर्वांत खालच्या वापरातल्या मजल्यावर, बसल्यावर नाक येते साधारण त्या उंचीला, खिडकी, हीटर आणि पंख्याच्या झोतापासून दूर ठेवावे. स्वयंपाकघर व न्हाणीघर टाळावे. अमेरिकेत घर विकत घेताना ही चाचणी करून घेण्याची पद्धत आहे. घाईच्या सौद्यात ती सोडून देऊ नये.

पातळी जास्त निघाली तर घर विकण्याचे कारण नाही. फटी बुजवणे हा पूरक उपाय आहे, एकट्याने तो सहसा पुरत नाही. रूढ आणि परिणामकारक पद्धत अशी: कोब्याला भोक पाडून खालच्या खडीत पाइप उतरवायचा, तो छपराच्या वर न्यायचा आणि मध्ये सतत चालणारा पंखा बसवायचा. फरशीखालचा दाब घरातल्या दाबापेक्षा कमी होतो आणि वायू आत येण्याऐवजी पाइपातून थेट वर जातो. पातळी अनेकदा ८० टक्क्यांहून अधिक घटते. पाइपावर रंगीत द्रव भरलेली इंग्रजी यू आकाराची नळी लावतात. तिच्या दोन बाजूंची पातळी सारखी दिसली तर पंखा बंद पडला आहे असे समजावे. नवे घर बांधताना पायाखाली खडीचा थर, त्यावर प्लॅस्टिकची चादर आणि रिकामा पाइप आधीच घालून ठेवला तर पुढे पंखा जोडणे स्वस्तात होते. काम झाल्यावर पुन्हा चाचणी करावी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी, तसेच घराची मोठी दुरुस्ती केली किंवा तळघरात खोली काढली की, ती परत करावी.