न विकलेल्या विजेचा हिशेब

1973 च्या नोव्हेंबरातली एक शुक्रवारची रात्र. अरबांच्या तेलबंदीमुळे अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागलेल्या. कॅलिफोर्नियात बर्कले इथे आर्थर रोझेनफेल्ड हे भौतिकशास्त्रज्ञ घरी निघताना सहज हिशेब करू लागले, की शनिवार-रविवार आपल्या मजल्यावरचे दिवे असेच जळत राहिले तर किती तेल फुकट जाईल. दिवे घालवायला गेले, तर बटणंच सापडेनात. कुठे फायलींच्या कपाटामागे, कुठे पुस्तकांच्या मांडणीमागे, कुठे पोस्टरखाली. शोधण्यात वीस मिनिटं गेली. तिथून पुढे मूलकणांचा अभ्यास मागे पडला आणि त्यांनी उरलेलं आयुष्य वीज वाचवण्याच्या शास्त्राला दिलं. (त्यांच्या नावाचं एक एककही आहे: 1 रोझेनफेल्ड म्हणजे वर्षाला 300 कोटी युनिट बचत. 500 मेगावॅटचं कोळशाचं केंद्र नको करायला एवढी पुरते.)

दिवा घालवणं सोपं. पण आपला दिवा विझावा म्हणून वीजकंपनीनेच धडपडावं, असा कायदा करता येईल का? अमेरिकेत तो झाला आहे, आणि पहिला मान टेक्सासचा. तेल आणि वायूचं हे राज्य. 1999 साली जॉर्ज बुश (धाकटे) तिथे गव्हर्नर होते. वीजबाजार खुला करणाऱ्या कायद्यातच एक कलम घातलं गेलं: दरवर्षी मागणीत जी वाढ होईल, तिच्यातला 10 टक्के वाटा कंपन्यांनी बचतीतून भागवावा. नवं केंद्र बांधून नव्हे, लोकांची घरं आणि उपकरणं सुधारून. पुढे इतर राज्यांनी जास्त कडक उद्दिष्टं घातली. मॅसॅच्युसेट्सने 2008 मध्ये सांगितलं, की वीज बनवण्यापेक्षा वाचवणं जिथे जिथे स्वस्त पडेल, तिथे तिथे ती आधी वाचवा.

आणि ती स्वस्त पडतेच. बर्कलेच्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेने देशभरातल्या अशा योजनांचा हिशेब मांडला, तेव्हा वाचवलेलं एक युनिट कंपन्यांना साधारण अडीच सेंटला पडत होतं. तेवढ्यात कुठलंही नवं केंद्र उभं राहणं कठीण. मग कंपन्या आपणहून हे का करत नाहीत?

उत्तर भौतिकशास्त्रात नाही, वहीखात्यात आहे. समजा, एका कंपनीला खांब, तारा, रोहित्रं, कर्जाचे हप्ते आणि नफा धरून वर्षाला 50 कोटी डॉलर मिळायला हवेत, आणि नियामक आयोगाला वाटतं की ती 1000 कोटी युनिट विकेल. म्हणजे या खर्चापोटी युनिटमागे 5 सेंट. आता लोकांनी 2 टक्के वीज कमी वापरली. वसुली 49 कोटींवर आली. खांब आणि हप्ते काही कमी होत नाहीत. गेलेला एक कोटी सगळाच्या सगळा नफ्यातून जातो. नफा 5 कोटी धरला होता, तर त्याचा पाचवा भाग गेला! ग्राहकाची 2 टक्के बचत म्हणजे कंपनीला 20 टक्क्यांचा फटका. अशा धंद्याला ‘विजेची बचत करा’ असं बिलावर छापायला सांगणं सोपं आहे. ते मनापासून करायला लावणं अवघड.

कॅलिफोर्नियाने यावर 1982 सालीच तोड काढली होती. कंपनीची वसुली विक्रीपासून सोडवायची. ठरलेले 50 कोटी मिळणारच. वीज कमी खपली तर पुढच्या वर्षी दर 5 चा 5.10 सेंट होईल, जास्त खपली तर उतरेल. कंपनीला विक्री वाढवण्यात रस उरत नाही. वर उद्दिष्ट गाठलं तर बक्षीसही ठेवता येतं. मला ही युक्ती एखाद्या चांगल्या यंत्राइतकी देखणी वाटते, पण तिला एक खोच आहे. ज्याने घर सुधारलं त्याचं बिल उतरतं. ज्याने नाही सुधारलं तो वाढलेला दर भरतो. आणि ‘नाही सुधारलं’ म्हणजे बहुतेकदा भाडेकरू. घर दुसऱ्याचं, बिल त्याचं.

खरी शास्त्रीय डोकेदुखी मात्र पुढे आहे. विकलेली वीज मीटरवर दिसते. न वापरलेली कशी मोजायची? कंपनीने नव्या फ्रिजवर सूट दिली आणि हजार लोकांनी ती घेतली. त्यांतल्या किती जणांनी फ्रिज एरवीही घेतलाच असता? अशांची बचत कंपनीच्या नावावर चढवणं चूक. आणि नवा आल्यावर जुना फ्रिज भंगारात गेला, की तळघरात बिअर गार करत बसला? म्हणून काही कंपन्या जुना फ्रिज घरून उचलून नेतात, वर पैसेही देतात. 1970 च्या दशकातला अमेरिकी फ्रिज वर्षाला सुमारे 1800 युनिट खायचा. आजचा आकाराने मोठा असूनही त्याच्या पावभर खातो.

मोजमापाचा सर्वात स्वच्छ प्रयोग एका साध्या पत्राचा होता. ओपॉवर या कंपनीने वीजकंपन्यांतर्फे घरोघर पत्रं धाडली: शेजाऱ्यांच्या मानाने तुम्ही इतकी वीज वापरता. काटकसर असेल तर सोबत हसरा चेहरा. कुणाला पत्र जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना चोख झाली. सुमारे 6 लाख घरांवरचा हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी बचत 2 टक्के. शेजाऱ्याशी तुलना ही चीज कुठेही चालते म्हणायची!

उलट, कंपन्यांची आवडती बचत म्हणजे एलईडी दिवे. वाटायला सोपे, मोजायला सोपे. पण 2023 पासून जुने पिवळे बल्ब केंद्रीय नियमामुळेच बाजारातून हटले. ग्राहक एलईडीच घेणार असेल, तर कंपनीने वाचवलं काय?

ओहायोची गोष्ट वेगळ्या वळणाची. 2008 च्या कायद्याने तिथे 2025 पर्यंत 22 टक्के बचत सांगितली होती. 2019 मध्ये ‘हाउस बिल 6’ आलं. त्याने ही सक्ती 2020 अखेर संपवली, आणि फर्स्टएनर्जी कंपनीच्या उपकंपनीची दोन अणुवीज केंद्रं जगवायला ग्राहकांच्या बिलातून पैसे वळवायची तरतूद केली. वर फर्स्टएनर्जीची वसुली 2018 च्या पातळीवर बांधून देण्याची सोयही होती. म्हणजे कॅलिफोर्नियाची ती युक्ती जशीच्या तशी उचललेली, फक्त तिच्यातली बचत काढून टाकून. सुमारे 6 कोटी डॉलरची लाच यामागे होती, हे पुढे न्यायालयात सिद्ध झालं. विधानसभेचे माजी सभापती लॅरी हाउसहोल्डर यांना 2023 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली. 2021 मध्ये अणुकेंद्रांचं अनुदान रद्द झालं, वसुलीची हमीही गेली. बचतीची सक्ती मात्र त्या दुरुस्तीत कुणी परत आणली नाही.